सोलापूरचा हापसा आणि जगाचं पाणी

मार्च १९७७ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरात संयुक्त राष्ट्रांची पहिली पाणी परिषद भरली. १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छतेचं दशक म्हणून राबवायचं आणि १९९० पर्यंत जगातल्या प्रत्येकाला शुद्ध पाणी द्यायचं, हा विचार तिथून पुढे आला. परिषदांचे ठराव आपण वाचतो आणि विसरून जातो. हा ठराव मात्र असंख्य खेड्यांत पोचला तो एका हापशामुळे, आणि त्या हापशाचं मूळ आपल्या जालना-सोलापूरकडे आहे. आपल्याच मुलांना हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दख्खनच्या काळ्या कातळात आड खणणं म्हणजे महिनोन्‌महिन्यांची सुरुंगबाजी. हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं आली, तेव्हा हेच काम दिवसा-दोन दिवसांत होऊ लागलं. १९७२ च्या दुष्काळात तर त्यांची मोठी निकड भासली. पण बोअरवर बसवलेले पंप ओतीव लोखंडाचे होते, परदेशातल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणात चालतील असे. इथे त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव घागरी भरायचं. थोड्याच दिवसांत त्यातले बहुतेक बंद पडले.

का मोडायचे, ते हिशेबातच दिसतं. जमिनीखालच्या सिलिंडरचा व्यास साधारण ६३ मिलिमीटर आणि पाणी ३० मीटर खाली असेल, तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलो पाण्याचा भार येतो. शिवाय दट्ट्याला वरच्या दांड्याशी जोडणाऱ्या सळईचं वजन वेगळं. त्यात दांड्याचं टोक वर-खाली होताना कमानीत फिरतं, त्यामुळे सळई दर हेलकाव्याला थोडी आडवी ओढली जाते. मग कुठे खीळ झिजते, कुठे सळई तुटते.

ख्रिस्ती मिशनच्या विहिरींच्या कामातून आधी जालन्यात आणि मग सोलापुरात यावर तोड निघाली. ओतीव लोखंडाऐवजी पोलाद आलं आणि अनेक सांध्यांऐवजी बॉल बेअरिंगवर फिरणारा एकच सांधा. दांड्याच्या टोकाला चाकाच्या पाकळीसारखा भाग जोडला आणि त्यावरून साखळी सोडली. मोटेच्या चाकावरून नाडा सरळ विहिरीत उतरतो, तशीच ही साखळी सळईला सरळ वर खेचते. साखळीला ढकलता येत नाही, म्हणून खाली जाताना सळई स्वतःच्या वजनाने उतरते. दांडा लांब असल्याने भार जवळजवळ आठपट हलका होतो आणि ९५ किलोचं ओझं हाताला बाराएक किलोचं लागतं. दहा-बारा वर्षांची पोरगीसुद्धा हा हापसा मारू शकते. आणि मारावा लागतो तो बहुतेक तिलाच.

हाच घाट पुढे नेत युनिसेफ आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने ‘इंडिया मार्क टू’ घडवला. त्याच्या चाचण्या कोइमतूरजवळ झाल्या. आराखडा सगळ्यांना खुला ठेवल्याने तो आफ्रिकेतल्या देशांपर्यंत गेला.

हापशाने पाणी दिलं, तसा नारू घालवायलाही हात दिला. नारूचा रोगी दुखरा पाय घेऊन पायविहिरीत उतरायचा. फोड फुटून जंताची पिल्लं पाण्यात जायची, ती पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवांच्या पोटात शिरायची, आणि तेच पाणी गाव प्यायचं. वर्षभराने कुणाच्या तरी पिंढरीतून हातभर जंत बाहेर यायचा. हापशाच्या पाण्यात कुणाचा पायच पडत नाही, त्यामुळे हे चक्र तुटतं. पाणी गाळून पिणं आणि विहिरीत औषध टाकणं यांचीही जोड होतीच. भारतातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

पण पेयजलाच्या त्या दशकाने किती हापसे बसले ते मोजलं, पाण्यात काय आहे ते पुरेसं पाहिलं नाही. ही चूक फार महाग पडली. बांगलादेशात जुलाबाच्या साथी टाळण्यासाठी लाखो नलकूप खोदले गेले, आणि १९९३ मध्ये कळलं की त्या नितळ पाण्यात आर्सेनिक आहे. नदीच्या गाळातल्या लोहकणांना चिकटलेलं आर्सेनिक प्राणवायू नसलेल्या थरांत सुटून पाण्यात उतरतं. चव नाही, वास नाही. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही बोअरमध्ये फ्लोराइडने हाडं वाकवली, तेही असंच न दिसणारं दुखणं.

स्वच्छता तर पाण्याच्या मागेच राहिली. २००० मध्ये ठरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत पिण्याचं पाणी होतं, शौचालय नव्हतं. ते २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेत आलं. खरं तर हापशाच्या ओट्याभोवती चिखल साचत असेल आणि शेजारीच शौचालयाचा खड्डा असेल, तर कातळाच्या भेगांतून घाण थेट बोअरमध्ये उतरते. ओटा, सांडपाण्याची नाली, शोषखड्डा आणि शौचालयाचं अंतर हे सगळं मिळून एक हापसा होतो, असं मी मानतो.

संयुक्त राष्ट्रांची पुढची पाणी परिषद थेट २०२३ मध्ये न्यूयॉर्कला झाली, ४६ वर्षांनी. मधल्या काळात मोजण्याची रीत मात्र बदलली होती. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार पाणी घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा मिळायला हवं, आणि त्यात विष्ठेचे जंतू, आर्सेनिक, फ्लोराइड नको. या कसोटीवर २०२२ मध्ये जगात सुमारे २२० कोटी माणसं वंचित होती. अशा वंचितांत हापसा मारणारी ती पोरगीही मोजली जाते, कारण चौकातला हापसा कितीही चांगला असला तरी तो तिच्या घरात नाही.