हातसलामी झडली का?

"काय करत नाही ओ त्यो, खेळतोय नुसता!"

सकाळी साडेसहाला कोल्हापुरातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणारा पन्नास पावलं लांब, हातात नुसताच पट्टा. ज्याला धीर द्यायचा तो फिरायला आलेला माणूस जागच्या जागी थिजलेला. आमच्याकडे चार वर्षांची लॅब्रॅडोर आहे, त्यामुळे हे वाक्य मीही अनेकदा फेकलंय. ती खरंच खेळतेय का, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर शोधायला कोल्हापूरकराला फार लांब जावं लागत नाही. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानात कुस्ती लागली की आधी मल्लांची हाताला हात लावून हातसलामी झडते. कुत्र्यांचीही सलामी असते. पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवायचे, मागचा भाग वर, शेपूट हलती. अर्थ असा, की आता जे करीन ते खेळ म्हणून धर. कोलोरॅडो विद्यापीठातल्या मार्क बेकॉफ यांनी कुत्री, लांडगे आणि कायोटी (अमेरिकेतला लांडग्यासारखा रानटी प्राणी) यांच्या खेळाचं बारकाईनं निरीक्षण करून १९९५ साली एक गमतीची गोष्ट मांडली. चावा धरून मान जोरात डावी-उजवीकडे झटकणं ही शिकार मारण्याची रीत. खेळातही ती येते, पण तिच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर सलामी येण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे जिथं गैरसमज होऊ शकतो, तिथंच खुलासा केला जातो.

निकाली कुस्ती वेगळी आणि तालमीतला जोर, म्हणजे सरावाची लढत, वेगळा. जोर करताना थोरला मल्ल धाकट्याला पकड घेऊ देतो, मुद्दाम खाली जातो. मैदानावर धिप्पाड कुत्रा एखाद्या चिमुकल्या पामेरियनसमोर उताणा पडतो, तो याच जातीचा प्रकार. पाठलाग करणारा थोड्या वेळानं पळणारा होतो. हिशेब दर वेळी समसमान होत नाही, पण अंग सैल असतं, तोंड उघडं असतं, मधेच दोघं थांबतात, अंग झाडतात, पुन्हा लागतात. याउलट अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली आणि अचानक शांतता, हे दिसलं की खेळ संपला. गुरगुरण्यापेक्षा मला या शांततेची जास्त भीती वाटते.

शेपूट हलतेय म्हणजे खूश, हा तर जुना भ्रम. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे जास्त झुकत होती, तर अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. पुढे २०१३ मध्ये असं दिसलं, की डावीकडे झुकणारी शेपूट पाहणाऱ्या कुत्र्यांच्या काळजाचे ठोकेही वाढतात. मी मैदानावर हे ताडायचा प्रयत्न केला. भिरभिरत्या शेपटीची डावी-उजवी बाजू मला आजवर कळलेली नाही. त्यापेक्षा सगळं अंग बघावं.

दोन कुत्री आपापल्या मर्जीनं भेटतात तेव्हा समोरासमोर चाल करत नाहीत. अर्धगोल वळसा घेऊन बाजूनं येतात, मागून हुंगतात. आपण पट्टा ताणून धरला की तो वळसाच मारता येत नाही; छाती पुढं, मान वर, म्हणजे समोरच्याला शड्डू ठोकल्यासारखं दिसतं. एक बांधलेला आणि एक मोकळा, ही तर सगळ्यात वाईट जोडी. म्हणून समोरच्याला आधी विचारायचं आणि तो हो म्हणाला तरच दोन्ही पट्टे सोडायचे. बिस्किटाचा पुडा मात्र घरीच ठेवायचा. मैदान त्या भागातल्या भटक्या कुत्र्यांचं आधीपासूनचं घर असतं, आणि खाणं दिसलं की वाटणीचा प्रश्न येतो. जुंपलीच तर गळपट्ट्याला हात घालायचा नाही, चावा आपल्याच मनगटाला बसतो. बाटलीभर पाणी अंगावर फेकलेलं बरं.

पिल्लू नेण्याची घाई नको. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं सुरुवातीच्या लशीलाच निकामी करू शकतात, म्हणून पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवरच्या लशीचे डोस साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. शी उचलायची तीही केवळ सभ्यता म्हणून नव्हे. त्यातल्या गोल जंतांची अंडी पडल्या पडल्या घातक नसतात. त्यांना तयार व्हायला २ ते ४ आठवडे लागतात आणि मग तीच माती मुलांच्या हाताला लागते. त्याच दिवशी उचललं तर साखळी तिथंच तुटते.

रेबीजची लस वेळेवर हवीच. तरीही दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फाटतं. हळद-चुना काही न लावता थेट दवाखाना गाठायचा.

परवा आमच्या लॅब्रॅडोर बाईसाहेब एका बारक्या गावठी कुत्रीच्या मागं सुसाट होत्या. तिचा मालक, शेजारच्या तालमीतला पोरगा, जरा बावरला. "काका, दमवती ओ तिला." मी यावेळी ते ठरलेलं वाक्य गिळलं, माझी कुत्री धरली आणि म्हटलं, "थांब, तिलाच विचारूया." बारकी जर त्याच्या पायामागं लपली तर समजायचं तिला नको होतं. आम्ही दोघं बघत राहिलो. ती दहा पावलं लांब गेली, अंग झाडलं, वळून पाहिलं, परत आली आणि माझ्या कुत्रीसमोर पुढचे पाय टेकवून सलामी दिली.

"सोडा काका," पोरगा म्हणाला.