जुन्या रेकॉर्ड आणि जुने कपडे: दुकानात येण्याआधी वाचा

आमच्याकडे कुठल्याही वस्तूचा दुसरा नग नसतो. हँगरवर दिसतो तो कोट तेवढाच, खोक्यातली एलपी (मोठी, जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड) गेली की गेली. म्हणून घाई होते, आणि घाईत वस्तूची अवस्था बघायची राहून जाते. जुन्या मालात पैसे मोजायचे ते अवस्थेचे. ती कशी पारखायची, एवढंच या पत्रकात सांगितलं आहे.

येण्याआधी अंगाला नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट जमिनीवर सपाट पसरून मोजा: काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, कंबर आणि पायाची आतली लांबी. ही मापं मोबाइलमध्ये ठेवा. जुन्या लेबलावरच्या आकड्यावर विसंबू नका. तेव्हाचे साइज आजच्यापेक्षा बरेचदा लहान निघतात, शिवाय आधीच्या मालकाने कपडा आत घेतलेला असू शकतो. रेकॉर्ड घ्यायची असेल तर घरच्या टर्नटेबलचा आणि त्याच्या सुईचा फोटो आणा.

रेकॉर्ड बघताना

फोटो कशाला, तर रेकॉर्ड मुख्यतः तीन स्पीडच्या असतात: मिनिटाला ७८, ३३⅓ किंवा ४५ फेऱ्या. ७८ च्या तबकड्या बहुतेक लाखेच्या, जड आणि ठिसूळ. हातातून पडली की तुकडेच. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ३३⅓ स्पीडची व्हिनाइलची एलपी आणली आणि १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ ची छोटी रेकॉर्ड. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते, म्हणून ७८ ला वेगळी सुई लागते. उलटा प्रकार तर वाईटच: चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली, तर ग्रामोफोनच्या जड दांडीखालची पोलादी पिन एका फेरीत तिची वाट लावते.

रेकॉर्ड कडेला आणि मधल्या लेबलाला धरून कव्हरातून काढा, खाचांना बोट लावू नका. मग काउंटरवरच्या दिव्याखाली तिरपी धरून हळूहळू फिरवा. केसासारख्या बारीक रेषा दिसतात त्या बहुतेक वेळा वाजत नाहीत. नखाला लागेल असा आडवा ओरखडा मात्र प्रत्येक फेऱ्याला टक्‌ करणार. धूळ धुऊन निघते, बोटांचे ठसेही निघतात. पण काळी चकाकी जाऊन खाचा राखाडी दिसत असतील, तर झिजलेल्या किंवा जड सुईने त्या खरवडल्या आहेत आणि त्याला इलाज नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेषांचं जाळं दिसलं, तर ती रेकॉर्ड पुष्कळ वेळा लावली गेली आहे असं समजा. आणि हो, कव्हरात त्याच नावाची रेकॉर्ड आहे ना, ते बघाच. गमतीने सांगत नाही, घरोघरी अदलाबदल झालेली असते.

आम्ही प्रत्येक रेकॉर्डवर तिची प्रत, म्हणजे दर्जा, लिहितो. ‘गोल्डमाइन’ या अमेरिकी मासिकामुळे रूढ झालेली पद्धत वापरतो: सगळ्यात वर मिंट (अगदी कोरी), मग निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी आणि त्याखाली गुड. ‘गुड’ वाचून खूश होऊ नका. ती रेकॉर्ड वाजते, पण चरचरत वाजते. आमची प्रतही डोळ्यांनी ठरवलेली असते, त्यामुळे घेण्याआधी ऐकायला मागा. पहिलं गाणं नव्हे, शेवटचं ऐका. लेबलाच्या जवळ जाताना सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी होतो, म्हणून झीज आधी तिथेच कानाला जाणवते. एखादा शांत तुकडाही ऐका. ढोल-ताशात खरखर लपून जाते.

एक आगाऊ सल्ला: कव्हर सुंदर आहे म्हणून खराब रेकॉर्ड घेऊ नका. भिंतीवर लावायला हवं असेल तर तसं सांगा, नुसती कव्हरंही आमच्याकडे असतात.

कपडे बघताना

कपडा आधी उलटा करा. काखा, कॉलरची घडी, कोपर आणि पँटची बैठक उजेडासमोर धरा. कापड विरलेलं असेल तर तिथे उजेड आरपार दिसतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच ताणा. धागा उसवला असेल तर शिवता येतो, कापडच फाटायला लागलं तर राहू द्या. लोकर आणि रेशमात कसरीची (कापड खाणाऱ्या किडीची) भोकं शोधा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या रेशमाला वजन यावं म्हणून बरेचदा धातूचे क्षार पाजलेले असत. असं रेशीम घडीत ठेवल्या जागीच चिरत जातं. ते बघायला घ्या, घालायला घेऊ नका.

बटणं, अस्तर, इलॅस्टिक बदलता येतं. काखेतला जुना पिवळा डाग सहसा जात नाही. अडकणाऱ्या धातूच्या चेनवर पेन्सिलचं शिसं घासलं की ती बहुतेक वेळा चालू लागते; आमच्या काउंटरवर पेन्सिल असते ती त्यासाठीच.

कपडा कधीचा, हे लोक हमखास विचारतात. नायलॉनची चेन असेल तर कपडा बहुधा १९६० च्या दशकातला किंवा नंतरचा. वूलमार्कचं, म्हणजे लोकरीच्या कपड्यावरचं, चिन्ह १९६४ चं, त्यामुळे ते छापलेलं लेबल त्याआधीचं नसतं. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं. पण चेन बदललेली असू शकते, लेबल कापलेलं असू शकतं. एका खुणेवर आम्ही साल सांगत नाही आणि तुम्हीही कुणाचं ऐकू नका.

घालून बघताना अंगठ्या आणि कडी काढून ठेवा. चेन पुढे जात नसेल तर जोर लावू नका, आम्हाला हाक मारा.

घरी नेल्यावर

रेकॉर्ड उभ्या ठेवा, थप्पी लावू नका, उन्हातल्या गाडीत तर मुळीच नको. ७८ ची तबकडी स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. जुना रेयॉन ओला असताना कमजोर होतो, त्यामुळे पिळू नका. लोकरीच्या कपड्यात कसर असल्याची शंका आली, तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. डांबरगोळ्यांपेक्षा हे बरं. त्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

रेकॉर्ड घरी अडकली तर परत घेऊन या. आमच्या मशीनवर लावून बघू. दोष रेकॉर्डचा निघाला तर पैसे परत, तुमच्या सुईचा निघाला तर सुई कशी बसवायची ते दाखवू. कपडा मात्र शिंप्याकडे जाऊन आला की परत घेता येत नाही.

विकायचं असेल तर

नुसती जुनी आहे म्हणून वस्तूला भाव येत नाही. ज्या रेकॉर्ड लाखोंनी खपल्या त्या आजही सगळीकडे मिळतात, आणि हे आम्ही तोंडावर सांगतो. आणण्याआधी काही धुऊ, चिकटवू किंवा शिवू नका. फाटलेल्या कव्हरला चिकटपट्टी लावली की उरलेली किंमतही जाते. बुरशी आलेली किंवा कसर लागलेली खोकी आत आणू नका. दारातूनच हाक मारा, आम्ही बाहेर येऊन बघतो.