बिनचेनची सायकल

पायडलचा जोर चेनऐवजी दांडा, पट्टा किंवा वीज यांच्यामार्फत मागच्या चाकाला देणारी सायकल. १८८५च्या ‘रोव्हर’ सायकलीने चेन रूढ केली आणि दहा-बारा वर्षांतच ती घालवण्याची खटपट सुरू झाली. बडोद्यात कलाभवन ही तंत्रशाळा निघाली (१८९०) त्याच दशकात अमेरिकेत ‘कोलंबिया’ या कंपनीची दांड्याची सायकल विक्रीस आली, शर्यतपटू मेजर टेलर यांनीही बिनचेनच्या सायकलीवर विक्रम केले.

हिची रचना देखणी असते. पायडलपाशी शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांची एक जोडी, मागच्या चाकापाशी दुसरी, मधे नळीत बंद दांडा. अडचण दातांत आहे. ही चाके लहान असल्याने दातांवर फार दाब येतो. त्यातच उभे राहून पायडल हाणले की फ्रेम किंचित पिळवटते आणि दात नीट बसत नाहीत. मग सगळे भाग जाड करावे लागतात, सायकल जड होते. याउलट चेनची कार्यक्षमता १९९९मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्रयोगांत ९८.६ टक्क्यांपर्यंत भरली. तिच्यावर मात करायला जागाच थोडी.

पट्ट्याची बाजू भक्कम आहे. कार्बन तंतूंचा हा पट्टा गंजत नाही, तेल मागत नाही, आणि दात असल्याने गिरणीच्या पट्ट्यासारखा घसरतही नाही. मात्र तो अखंड असतो. बसवायला फ्रेमचा मागचा भाग उघडणारा लागतो, आणि गिअर हवे असतील तर ते सहसा हबच्या, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या, पोटात.

बडोद्याच्या सपाट रस्त्यांवर गिअरवाचून अडत नाही, तेव्हा पट्टा इथे शोभावा. पण ऑगस्ट २०२४सारखा विश्वामित्रीचा पूर आला की गाळ हबच्या छऱ्यांतही शिरतो. तिथे पट्ट्याचा काय उपयोग? चेन रॉकेलने धुऊन निघते, तुटली तर दांडिया बाजारातला कोणताही सायकलवाला कडी घालून देतो. पट्टा मात्र नेमक्या तेवढ्याच दातांचा मागवावा लागतो. राहिला धोतराला नि साडीला लागणाऱ्या वंगणाचा प्रश्न. तो जुन्या काळ्या सायकलीच्या बंद चेनकव्हरने केव्हाच सोडवला होता.

शेफ्लर या जर्मन कंपनीने २०२१मध्ये दाखवलेल्या रचनेत पायडल नुसती वीज निर्माण करते आणि मोटार चाक फिरवते. पायांच्या जोराची वीज आणि विजेचा पुन्हा जोर, या उलटापालटीत बरीच शक्ती वाया जाते. तरी पायडल आणि चाक यांना जोडणारे काहीच नसल्याने पायडल हवी तिथे बसवता येते. बडोद्याच्या मांडवीतल्या गर्दीत माल ओढणाऱ्या तिचाकीला ही सोय खरोखर उपयोगाची.