कुत्र्याची निवड (ग्रामीण विदर्भ)

पाळणाऱ्याचा दिनक्रम, घराची जागा, अंगातली ताकद आणि गावचे हवामान पाहून कोणता कुत्रा आणायचा, किंवा आणायचाच नाही, हे ठरवणे म्हणजे कुत्र्याची निवड. विदर्भाच्या खेड्यांत ही निवड बहुधा ठरवून होतच नाही. पिल्लू येते आणि घरचे होऊन जाते. पोरगा शाळेतून येताना दप्तरात घालून आणतो, सोयऱ्याकडे कुत्री व्याली म्हणून एखादे पदरात पडते, नाहीतर शहरात नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला येताना सहा महिन्यांचा लॅब्रेडॉर गाडीतून उतरवतो. अशा कुत्र्याचे पुढे काय होते, हे दोन गोष्टींवर ठरते: मे महिन्यात भर दुपारी त्याच्याकडे कोण पाहणार, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सगळे वावरात गेले की घरी कोण असणार. जातीचा विचार त्यानंतरचा.

ऊन : चंद्रपूर, नागपूर, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणे नेहमीचे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. जीभ आणि श्वासमार्गावरची ओल उडते तेव्हा रक्त निवते. नाक चेपके असले की हा रस्ताच अरुंद होतो, म्हणून पग इथल्या उन्हाळ्यात पंख्याखालीही घरघरतो. हस्कीसारख्या दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याला विदर्भात आणणे ही हौस नव्हे, निर्दयपणाच आहे. नवतपा (मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) सरला म्हणजे सुटलो असेही नाही. जूनमध्ये पहिली सर येऊन गेल्यावर जो उकाडा होतो, त्यात हवा दमट असल्याने तोंडातली ओल उडत नाही आणि धापेचा उपयोग कमी होतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. ते 106 च्या आसपास पोचले की उष्माघात.

गावठी कुत्रा ही अडचण स्वतःच सोडवतो. सकाळी ओसरीवर, दहानंतर बंडीखाली (बैलगाडीखाली), दुपारी न्हाणीच्या पाण्याने ओल्या झालेल्या मातीत खड्डा उकरून त्यात पोट टेकवून तो पडतो, आणि सावली सरकली की उठून तिच्यामागे जातो. साखळीला बांधलेल्या महागड्या कुत्र्याला हेच करता येत नाही. त्याची सावली दुपारी दोनला निघून जाते, आणि पाण्याचे जर्मनचे (अॅल्युमिनियमचे) भांडे उन्हात तापलेले असते.

वावर आणि जागल : शेतकऱ्याला कुत्रा हवा असतो तो मुख्यतः रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी. इथे एक गैरसमज फार आहे, की डुकराला भिडेल असा आडदांड कुत्रा पाहिजे. डुकराच्या सुळ्यांनी पोट फाटलेले कुत्रे जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणाऱ्या कोणीही पाहिलेले असतात. कुत्र्याचे काम भिडण्याचे नाही, वेळेवर भुंकण्याचे आहे. मचाणावरच्या माणसाला जाग आली, बॅटरी फिरली, डबा वाजला की पुढचे काम माणसाचे. त्यासाठी हलकी झोप, तिखट कान आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) बाहेर न जाण्याची सवय लागते. 15 ते 20 किलोचा गावठी कुत्रा, शक्यतो दोघांची जोडी, यात रॉटवायलरपेक्षा सरस ठरते. वानरांपुढे मात्र कोणत्याच जातीची मात्रा चालत नाही. कुत्र्याला झाडावर चढता येत नाही हे वानराला दोन दिवसांत कळते, आणि मग ते वरच्या फांदीवर निवांत बसून संत्री खाते.

कारवान आणि मुधोळ हे दख्खनचे लांब पायांचे, नजरेवर धावणारे कुत्रे दिसायला देखणे आणि उन्हाला काटक. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ते पूर्वीपासून आहेत, विदर्भात अलीकडे हौसेने आणले जातात. पण पळणारी गोष्ट दिसली की ते हाकेला थांबत नाहीत, मग तो ससा असो, चितळ असो की शेजाऱ्याची बकरी. वावर जंगलाला लागून असेल तर हे कायद्याच्याही अंगलट येते, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला पळवत नेणे आणि हाकारणेही धरलेले आहे. भटकणाऱ्या कुत्र्याला आणखी दोन धोके आहेत: डुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट आणि विषारी आमिष. फवारणीच्या दिवसांत बादलीत उरलेल्या औषधाच्या पाण्याला तोंड लावून मेलेले कुत्रेही कमी नाहीत. ज्याच्या वावराला धड कुंपण नाही, त्याने रानोमाळ धावण्याची ओढ असलेली जात घेऊ नये.

वाघ-बिबट्याचा मुलूख : ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा यांच्या भोवतीच्या गावांत निवडीची गणिते बदलतात. बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य आहे, आणि रात्री अंगणात खुंट्याला बांधलेला कुत्रा हा राखणदार नसून आमिष असतो. अशा गावात रात्री दार लावून आत, निदान बंद कोठ्यात (गोठ्यात) घेता येईल एवढाच कुत्रा पाळावा. आतून भुंकला तरी त्याचे काम होते. ज्या घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेणे चालत नाही आणि बंद कोठाही नाही, त्या घराने पाळूच नये, हे कठोर वाटले तरी खरे आहे. दुसरी बाजूही आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग वन्य मांसभक्षकांना लागतो. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत तो आढळला होता. त्यामुळे जंगलाकाठी डिस्टेंपरची लस ही हौस नसून पाळण्याची अट समजावी.

बकऱ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना लागणारा कुत्रा विकत मिळत नाही, घडवावा लागतो. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वाढते त्यांना ते आपले मानते, म्हणून ते करडांच्या वाड्यात, त्यांच्याच उबेला ठेवतात. मोठेपणी आणलेला कुत्रा कळपात मुरणे अवघड, आणि एकदा कोंबडीच्या रक्ताची चटक लागली की अधिकच.

पाळणाऱ्याची ताकद : घरात कुत्रा एक जण आणतो आणि सांभाळतो दुसराच, ही या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब. वर सांगितलेला लॅब्रेडॉर वर्षभरात तीस किलोंचा होतो. मुलगा पुण्याला, सून पुण्याला, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला सत्तरीतले बाबा, एका हातात काठी. शेजारची म्हैस दिसली की कुत्रा हिसका देतो. दोन-तीनदा पडता पडता वाचल्यावर बाबा फिरवणे सोडतात, कुत्रा दिवसभर बांधून राहतो, लठ्ठ होतो, मागचे पाय धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर उगाच भुंकू लागतो. मग सगळे म्हणतात, कुत्रा खराब निघाला. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट नोंदलेला आहे, पण गावात हे कलम कोणाला माहीत नसते.

यावर एक साधी कसोटी पुरते. कुत्रा आजारी पडला तर घरात कायम राहणाऱ्या माणसाला, फार तर शेजाऱ्याच्या मदतीने, त्याला उचलून ऑटोत घालता येईल का? गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा हात ढोरा-बकऱ्यांवर बसलेला असतो. 1962 या क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते, पण हाड मोडणे किंवा शस्त्रक्रिया यांसाठी अनेकदा अकोला किंवा नागपूरच्या पशुवैद्यक संस्थेपर्यंत जावे लागते. उचलता येणार नसेल तर त्या आकाराचा कुत्रा त्या घराचा नव्हे. म्हाताऱ्या जोडप्याला चार-पाच वर्षांची, स्वभाव ठरलेली, नसबंदी झालेली गावठी कुत्री सगळ्यांत बरी. पिल्लू नको, ते चपला चावते, रात्री रडते आणि पायात येते. रोजमजुरीवर दोघेही जाणारे घर, दसऱ्यानंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेर पडणारे कुटुंब यांच्यासाठी प्रश्न जातीचा नाहीच, मागे राहणारे माणूस कोण हा आहे.

‘पामेरियन’ म्हणून जो पांढरा, केसाळ कुत्रा विकला जातो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. घरात राहणाऱ्या बाईमाणसाला आणि मुलांना तो चांगली सोबत करतो, भुंकतोही भरपूर. मात्र ढोरांच्या कोठ्याजवळ वाढला तर दाट केसांत गोचीड दिसत नाहीत आणि गोचीडतापाने तो जातो. आठवड्यातून दोनदा मांडीवर घेऊन, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत चाचपून पाहणारे कोणी असेल तरच तो घ्यावा. जर्मन शेफर्ड, ज्याला गावात अजून अल्सेशियन म्हणतात, हुशार आहे पण त्याला रोज काम लागते. नुसत्या फाटकाच्या शोभेसाठी तो वाया जातो.

पिल्लाची पारख : गावठी कुत्री मुख्यतः भाद्रपदात माजावर येतात, गाभणकाळ सुमारे 63 दिवसांचा. म्हणजे पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात होतात आणि पौषात आठ आठवड्यांची भरतात. त्याआधी आईपासून तोडू नयेत, अशी तोडलेली पिल्ले खेळता खेळता जोरात चावतात. पौष-माघात आणलेले पिल्लू वैशाखापर्यंत पाच-सहा महिन्यांचे होते आणि ऊन सोसू शकते. निसर्गाने जमवून दिलेला हा मेळ दुकानातल्या पिल्लाला नसतो. एप्रिलमध्ये विकत आणलेले दीड महिन्याचे पिल्लू थेट वणव्यात येते.

पारख करताना पिल्लाआधी आई पाहावी. अनोळखी माणूस जवळ गेल्यावर ती भुंकून मागे सरते, की अंगावर धावते, की शेपूट पोटात घालून थरथरते, यातून पिल्लांचा पुष्कळ अंदाज येतो. मग पिल्लांपासून चार हातांवर किल्ल्यांचा जुडगा टाकावा. दचकून लगेच हुंगायला येणारे पिल्लू बहुतेक घरांना चालते. सर्वांत आधी झेप घेणारे वावराला बरे. कोपऱ्यातून न हलणाऱ्यावर दया येते आणि नेमके तेच उचलले जाते, पण लेकराबाळांच्या घरात भित्रा कुत्राच जास्त चावतो.

गावात नखे मोजण्याची पद्धत आहे. साधारण कुत्र्याला अठरा नखे असतात, मागच्या पायांना वरची जास्तीची नखे असली की तो ‘वीस नखी’, आणि असा कुत्रा शूर निघतो अशी समजूत. या नखांचा शौर्याशी संबंध नाही. ती जमिनीला घासत नाहीत, म्हणून वाढून गोल वळतात आणि मांसात घुसतात, तेव्हा वीस नखी पाळणाऱ्याने नखे कापण्याची तयारी ठेवावी एवढाच त्याचा अर्थ. कान कापल्याने कुत्रा तापट होतो ही समजूत तर नुसती खोटी नाही, क्रूर आहे.

खाणे, लस : गावठी कुत्रा भाकर, कण्या आणि ताकावर जगतो, पण नुसत्या भाकरीवर पिल्लू भरत नाही, अंडे, वरण, सुकट यांपैकी काहीतरी रोज हवे. कांद्या-लसणाचा वऱ्हाडी रस्सा त्याला घालू नये, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांवरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर, पुढे दरवर्षी. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन आरोग्य केंद्र गाठावे. चुना-तिखट लावण्याची जुनी रीत अजून गेलेली नाही.

पुष्कळदा निवड कुत्राच करतो. शिळी भाकर टाकणाऱ्या बाईच्या दारात तो आठ दिवस येतो, नवव्या दिवशी तिथेच झोपतो आणि गल्लीत शिरणाऱ्या परक्यावर भुंकू लागतो. अशा मोठ्या कुत्र्याचा आकार, आवाज, लेकरांशी वागणे सगळे डोळ्यांसमोर असते, पिल्लासारखा अंदाज करावा लागत नाही. कानाच्या टोकाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. नसेल तर रेबीजची लस टोचून घ्यावी, गळ्यात पट्टा घालावा, आणि भादव्याच्या आत नसबंदीचे पाहावे.