चिखलात नाल का हरवते आणि ती शोधायची कशासाठी

पावसात कुरण राड झालं की एखाद्या तरी घोड्याची नाल जाते, आणि दोष चिखलाला दिला जातो. 'चिखलाने ओढून घेतली' हे अर्धंच खरं आहे. बहुतेक वेळा नाल उपटतो तो घोड्याचाच मागचा पाय. रुतलेला पुढचा पाय वर यायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात मागच्या खुराचं टोक पुढच्या नालेच्या मागच्या कडेवर पडतं. पुढचा पाय वर येतो, नाल खालीच राहते. त्यात खूर ओलाव्याने फुगतो, वाळला की आकसतो आणि खिळ्यांची भोकं सैल होतात.

म्हणजे दुखणं खिळ्यांपाशी आहे, आणि खिळे बरेच उशिरा आले. रोमन साम्राज्यात खुराला लोखंडी पायताण बांधत असत: खाली जाड पत्रा, कडेला वर वळवलेले आकडे, त्यांतून ओवलेले चामड्याचे पट्टे. तीही हरवतच. जर्मनीतल्या हार्त्सहोर्न टेकडीवर 2000 मध्ये हौशी शोधकांना असंच एक पायताण मिळालं. ते खेचरा-घोड्याच्या पायातलं रोमन लोखंड आहे, हे 2008 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ओळखलं आणि तिसऱ्या शतकातली एक अज्ञात लढाई उजेडात आली. एका हरवलेल्या पायताणाने एवढं केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

खिळ्यांच्या नालेचं श्रेय कोणाला, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. पक्का लेखी पुरावा इ.स. 900 च्या सुमाराचा: बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट सहावा लिओ याच्या युद्धविषयक ग्रंथात घोडदळाच्या सामानात चंद्रकोरीच्या आकाराचं लोखंड आणि त्याचे खिळे येतात. युरोपातल्या 11व्या-12व्या शतकांतल्या नाला लगेच ओळखू येतात. पट्टी अरुंद आणि पातळ असल्याने भोक पाडताना लोखंड बाहेर फुगायचं, म्हणून कडा नागमोडी. पुढे पट्टी रुंद झाली, कड सरळ झाली. शेतात सापडलेल्या नालेचा काळ ठरवताना ही कड आजही पाहतात.

ठोकण्याची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही. खुराच्या बाहेरच्या भिंतीत नसा नसतात. नालबंद खिळा खालून तिरका घालतो, तो भिंतीतून बाहेर निघतो, टोक तोडून उरलेला भाग खाली वळवतो. अशा सहा ते आठ खिळ्यांवर सगळी मदार. आणि नाल हिसक्याने निघाली, तर कधी खुराचा तुकडाही सोबत जातो.

लोखंड महाग होतं तोवर हरवलेली नाल शोधणं किमतीसाठीच परवडत होतं. जुनी नाल लोहाराच्या भट्टीत परत जाई. 1835 मध्ये अमेरिकेत हेन्री बर्डनने नाला बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पुढे नाला कारखान्यातून ढिगाने येऊ लागल्या आणि हे कारण मागे पडलं. उरलं ते धोक्याचं कारण. वाकडी होऊन पडलेली नाल खिळे वर करून बसते. त्यावर पाय पडला तर खिळा तळव्यातून थेट खुरातल्या हाडापर्यंत जाऊ शकतो, आणि धनुर्वात घोड्यांना फार सहज होतो.

मेटल डिटेक्टर या कामी आला तो आडवळणाने. 1881 मध्ये ग्रॅहम बेलने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असं यंत्र वापरलं, गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी ते सुधारलं, पुढे हौशी लोकांच्या हाती गेलं. त्यांना नाणी हवी असतात, म्हणून आजची यंत्रं लोखंड गाळण्याची सोय घेऊनच येतात. नाल शोधताना ती बंद करावी लागते. शर्यतीच्या घोड्यांची नाल सहसा अ‍ॅल्युमिनियमची असते. तिला लोहचुंबक उचलत नाही, डिटेक्टर मात्र दाखवतो.

सुरुवात फाटकापासून आणि पाण्याच्या टाकीभोवतीपासून करावी. घोडे तिथे गर्दी करतात, अचानक वळतात, आणि मागचा पाय पुढच्यावर पडतो तो अशाच जागी. नाल मिळाली की तिच्यात अडकलेले आणि खुरात राहिलेले खिळे मोजावेत. ठोकले होते तेवढे भरले नाहीत, तर उरलेले अजून चिखलातच आहेत.