साखर बनली, पण पाठवायची कुठे?

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू, भात, सोयाबीन अशा पिकांचं खरं तर फावायला हवं. पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) त्याऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच पकडतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की ते प्रमाण घटतं आणि पानात साखर जास्त तयार होते. सुरुवातीला तसं दिसतंही. पुढे मात्र बऱ्याच पिकांत हा जोर ओसरतो.

यामागच्या कारणाचा पहिला अंदाज जुना आहे. पानात तयार माल साचला की पानाचं काम मंदावत असावं, असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८६८ मध्येच सुचवलं होतं. पण बाकी काही न बदलता नुसती साखर अडवायची कशी? जनुकीय बदलांचं तंत्र हाती येईपर्यंत हा प्रश्न लोंबकळत राहिला.

१९९० मध्ये यीस्टमधलं इनव्हर्टेज हे विकर तंबाखूच्या पेशीभित्तीत तयार होईल अशी रोपं बनवली गेली. पानातून निघालेलं सुक्रोज वाटेतच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होई, त्यामुळे ते वाहक नलिकांत शिरेना. रोपं खुजी राहिली, जुन्या पानांवर पांढुरके, करपलेले चट्टे उमटले आणि प्रकाशसंश्लेषण घटलं. हवा तीच होती, कोंडी फक्त साखरेची. साचलेली साखर प्रकाशसंश्लेषणाची जनुकंच दाबून टाकते, हे त्याच सुमारास मक्याच्या पेशींत दिसलं.

मग उलट दिशेने प्रयत्न झाले. १९९१ मध्ये सुक्रोज बनवणाऱ्या विकराचं मक्यातलं जनुक टोमॅटोत घातलं, तेव्हा पानात स्टार्च कमी आणि सुक्रोज जास्त झालं. फळांच्या उत्पादनात मात्र हा लाभ दरवेळी उतरला नाही. मला हे अपेक्षितच वाटतं, कारण साखर ओढून घेणारं फळ, मूळ किंवा दाणा वाढत नसेल तर पानाने कितीही बनवून काय उपयोग? कुंड्यांतल्या प्रयोगांनीही इथेच फसवलं होतं. लहान कुंडीत मुळं कोंडली की साखरेची मागणीच आटते, आणि खापर फुटतं कार्बन डायऑक्साइडवर.

म्हणून उघड्या शेतात पिकाभोवती नळ्यांचं कडं करून वायू सोडण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. अमेरिकेत इलिनॉयमध्ये सोयाबीनवर असे प्रयोग २००१ पासून सुरू आहेत. प्रकाशसंश्लेषणाच्या चक्रातलं सायनोबॅक्टेरियाचं (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचं) विकर घातलेल्या सोयाबीनचे तिथले निष्कर्ष २०१७ मध्ये आले. वाढीव कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता एकत्र असताना साध्या वाणाचं उत्पादन घसरलं, बदललेल्या वाणाने ते टिकवलं.

जनुकीय बदल कर्बोदकांसाठी केलेला नसला, तरी त्यांचा परिणाम चुकत नाही. बीटी कपाशीत किडीला मारणारं विष हे प्रथिन आहे, त्याला नायट्रोजन लागतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की पानात कर्बोदकं वाढतात, त्या मानाने नायट्रोजन कमी पडतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा कपाशीच्या पानात विषाचं प्रमाण घटलेलं आढळलं.