निळे चीज : साठवण व नासण्याची लक्षणे

पेनिसिलियम रॉकफोर्ती या बुरशीमुळे आत निळ्या-हिरव्या शिरा धरलेले चीज. रॉकफोर (मेंढीचे दूध), गॉर्गोन्झोला व स्टिल्टन (गाईचे दूध) हे प्रमुख प्रकार.

उगम वादग्रस्त आहे. रोमन लेखक प्लिनी (इ.स. २३–७९) याने दक्षिण गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) नीम शहराच्या परिसरातील चीजची वाखाणणी केली असून तोच रॉकफोरचा आद्य उल्लेख समजण्याचा प्रघात आहे. परंतु प्लिनी बुरशीविषयी काहीच लिहीत नाही. उलट हे चीज ताजे असेपर्यंतच चांगले, असे तो नोंदवतो. मुरवून तयार होणाऱ्या चीजला हे वर्णन लागू पडत नाही. त्यामुळे तो उल्लेख निराळ्या चीजचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १४११ च्या सुमारास फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याने रॉकफोर गावाला चीज मुरवण्याचा मक्ता दिला. १९२५ मध्ये या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले.

बुरशी स्निग्धांशाचे विघटन करते. त्यातील मेदाम्लांपासून मिथिल कीटोने (उग्र वासाची संयुगे) तयार होऊन चीजला तिखट, उग्र वास येतो. फ्रीजमध्येही ही क्रिया मंदपणे चालू राहते. केवळ उग्र वासावरून चीज नासले असे ठरवता येत नाही.

गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ते बाहेर राहू देऊ नये. उन्हाळ्यात पारा ३२° से.च्या वर असताना तासाभरात परत आत ठेवावे. साठवण सु. ४° से. तापमानाला, मेणकागदात किंवा अॅल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात करावी. डबा हवाच : एक तर बुरशीची बीजुके शेजारच्या चीजवर रुजतात, शिवाय स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतो आणि पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या बेगमीची) सुकी मासळी त्याच फ्रीजमध्ये असली तर चव बिघडते. वीज बराच वेळ गेल्यास फ्रीज उघडू नये. गोठवल्यास पोत भुसभुशीत होतो. असे चीज सॉससाठी चालते.

गुंडाळी उघडताच येणारा अमोनियाचा हलका दर्प थोड्या वेळाने विरतो. तो टिकून राहिला तर प्रथिनांचे विघटन फार पुढे गेलेले असते. गुलाबी, नारिंगी वा काळे डाग, मूळ शिरांपेक्षा वेगळी लोकरी बुरशी, बुळबुळीत पृष्ठभाग व कडू चव ही नासल्याची लक्षणे होत. हे चीज मऊ व सच्छिद्र असल्याने डाग कापून उरलेले खाणे सुरक्षित नाही.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जीवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो व वासात किंवा रंगात काहीच फरक दिसू देत नाही. गर्भवती, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी निळे चीज वाफा येईपर्यंत शिजवल्याशिवाय खाऊ नये.